अर्धलीचा कॅमेरा

डिंगोऱ्याच्या बहिरूचा डोळा मेंढरांमागं घडला. पुढं आई गोजरबाई, मधे कळप आणि मागं खांद्यावर काठी आडवी टाकलेला बहिरू, ही त्याची खरी शाळा. कोणती मेंढी उद्या लंगडणार हे तो आज तिच्या चालीवरून सांगायचा. पुढं कळप घटत घटत दारातल्या आठ-दहा मेंढरांवर आला. बहिरूच्या हातात काठीऐवजी कॅमेरा आला, पण डोळा तोच राहिला.

कॅमेरा जुन्नरच्या बाजारातून घेतलेला, दोघांनी वापरून टाकलेला. बॅटरीचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेलं. लेन्सच्या कोपऱ्यात बुरशीचा पांढरा ठिपका होता. बहिरू त्या कोपऱ्यात नेहमी आभाळ ठेवायचा, म्हणजे ठिपका ढगात खपून जाई. बैलगाडा शर्यतीच्या घाटात सगळे पळत्या बैलांचे फोटो काढत. हा बैलांकडे पाठ करून उभा राही आणि गाडा सुटताना मालकाच्या तोंडावर जे उमटतं ते टिपून घेई. घरोघरी ते फोटो भिंतीवर लागले. पण भिंतीवरच्या फोटोखाली काढणाऱ्याचं नाव कोण लिहितं? चाळिशी आली तशी बहिरूला एकच हाव सुटली. एका तरी फोटोखाली आपलं नाव छापलेलं बघायचं.

पप्पू त्याचा जुना मैतर. पाचवीपासून दोघं एका बाकावर. आता जुन्नरच्या जुन्या पेठेत पप्पूचा स्टुडिओ होता, स्टुडिओला काचेचं दार होतं आणि लोक त्याला पप्पूशेठ म्हणत. त्यानं ट्रॅक्टरच्या किमतीचा कॅमेरा घेतला. ड्रोन घेतला. आपल्याकडे काय नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. मे महिन्यात तो कॅमेऱ्याची बॅग घेऊन डिंगोऱ्याला आला.

“बहिरू, घोडेगावला फोटोंचं प्रदर्शन लागतंय. नंबर काढनार हायेत. माझ्याकडं मशीन हाय, तुझ्याकडं नजर. घेऊन जा चार दिवस.”

“आन फोटू कुनाचा?”

“आरं, तू मेंढरांतला मानूस. अर्धलीनं समज. दोघांचं नाव लावू.”

अर्धलीचा रिवाज सोपा आहे. मेंढी एकाची, राखण दुसऱ्याची आणि होतील त्या कोकरांत दोघांचा निम्मा निम्मा वाटा. कागद नसतो. तिसऱ्या माणसासमोर मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला की बोलणं पक्कं. राखणारा मेंढी परत करतो तेव्हा कोकरं मागं ठेवून घेत नाही. दूध तुटेस्तोवर ती आईबरोबर मालकाच्या दारी राहतात आणि वाटणी मागाहून होते. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं आणि त्यात कुणी कुणाला बुडवलं नाही.

बहिरूनं बायकोला हाक मारली. नंदा भंडाऱ्याची डबी घेऊन आली आणि बहिरूनं कॅमेऱ्याच्या माथ्याला पिवळं बोट लावलं.

“ए राव, लेन्समधी जाईल!” पप्पू ओरडला.

नंदा तोंडाला पदर लावून हसली. “दूध किती देती वो ही, भावजी?”

“काय बी म्हना वहिनी, भाकड न्हाई!”

तिघंही पोट धरून हसले. हसण्यात बोलणं पक्कं झालं, निदान बहिरूपुरतं तरी.

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर आहुप्याला गेला. तिथं झुंबरबाई नावाच्या म्हातारीच्या घरापुढच्या कातळावर हिरडा वाळत होता. दोन दिवस त्यानं बॅगेची चेन उघडली नाही. म्हातारीबरोबर हिरडा निवडत बसला.

“फोटू काडाया आलास ना? मग काड की.”

“काडतो आजी. आदी तुमी मला इसरा.”

“इसराया काय लागतंय? सकाळी काय खाल्लं त्ये मला ठावं न्हाई.”

तिसऱ्या सकाळी कोकणकड्यावरून ढग वर चढला. देवराई गेली, घर गेलं, कातळ गेला. म्हातारीनं मूठभर हिरडा पसरायला फेकला होता, तो हवेत असतानाच ढगानं तिलाही वेढलं. तिनं मान वर करून ढगाकडे असं बघितलं, जसं न विचारता चुलीपाशी आलेल्या आगाऊ नातवाकडे बघावं. बहिरूनं एकदाच बोट दाबलं.

मागच्या काचेवर फोटो उजळला तेव्हा त्यानं कॅमेरा डोळ्याजवळ आणला. एवढ्या कुंद उजेडात सुरकुती न सुरकुती आली होती, पापणीवरचा थेंबसुद्धा. आपल्या कॅमेऱ्यानं इथं नुसता चिखल दाखवला असता हे त्याला कळलं. मनातल्या मनात त्यानं मशीनला हात जोडले.

कॅमेरा परत करायला तो जुन्नरला गेला. पप्पूनं फोटो मोठा करून पापणीवरचा थेंबही बघितला. मग म्हणाला, “कार्ड काडून न्हेतोस?”

“ऱ्हाऊ दे. पिलू आईजवळ बरं. वाटनी सावकाश करू.”

पप्पूनं त्याच्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी बहिरू इस्त्रीचा सदरा घालून नंदाला घेऊन घोडेगावला गेला. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या झुंबरबाई दिसली, दारभर उंचीची. पहिल्या नंबरची रिबीन तिच्या कोपऱ्याला. खाली छापलेली चिठ्ठी नंदानं बोट फिरवत दोनदा वाचली. पप्पूशेठचं नाव होतं. कॅमेऱ्याचं होतं, लेन्सचं होतं. बहिरूचं नव्हतं.

स्टेजवर कुणीतरी पप्पूला विचारलं, असा फोटो निघतो कसा? पप्पूनं माईक हातात घेतला. “दोन दिवस मी कॅमेरा बाहेरच काढला नाही. आजींना म्हटलं, आधी मला विसरा.”

टाळ्या पडल्या. आहुप्याहून आल्यावर बहिरूनंच ही गोष्ट त्याला चहा पिता पिता सांगितली होती. फोटो नेला तो नेला. पण म्हातारीजवळ बसून काढलेले ते दोन दिवसही ह्यानं नेले, आणि तेही बहिरूच्याच शब्दांत.

चहाच्या टेबलापाशी त्यानं पप्पूला गाठलं. “अर्धली ठरली व्हती.”

“आरं, ती चेष्टा व्हती राव! कॅमेऱ्याला कुनी भंडारा लावतं का?”

“बोट माझं व्हतं.”

“आन मशीन? खरं सांग, तुझ्या त्या डब्यातनं ह्यो फोटू निघाला असता?”

एक शब्द खोटं बोलला असता तर चाललं असतं. पप्पूही त्याचीच वाट बघत होता.

“न्हाई,” बहिरू म्हणाला.

“बग!”

“पन तुझ्या मशीनला ती म्हातारी दिसली असती का?”

पप्पूनं कपात बघितलं. “फॉर्मवर एकच नाव बसत व्हतं,” तो पुटपुटला. तेवढ्यात आयोजकांनी हाक मारली, ट्रॉफीसोबत फोटो हवा होता. पप्पूनं गळ्यातला कॅमेरा काढला आणि बहिरूच्या हातात ठेवला. आवाज एकदम मऊ. “तूच घे. हितं तुझ्यासारखं कुनाला जमनार न्हाई.”

पप्पूला ते वाकडं वाटलं नाही, हेच नवल. बहिरूनं कॅमेरा डोळ्याला लावला. हात हलवायचा, डोकं कापायचं, काहीही करता आलं असतं. तोंडातून मात्र निघालं, “अर्धं पाऊल खिडकीकडं सरक.” पप्पू सरकला. उजेड गालावर आला आणि बोट दाबलं गेलं.

तो फोटो आठवड्याभरात जुन्नरच्या स्टँडवर फ्लेक्सवर चढला. त्यात दिसला तसा दिलदार पप्पूशेठ जुन्नरनं कधी पाहिला नव्हता.

प्रदर्शनाहून परतताना नारायणगावला नंदानं एसटीची खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, “मुद्दाम वाकडा काडायचा की.”

“डोळ्याला जमलं न्हाई.”

दिवाळीनंतर शेजारच्या वाडीचे सावळेरामतात्या मेंढी न्यायला आले. गोजरबाई त्यांना एक तरणी मेंढी अर्धलीनं देणार होती. दोर बांधून झाला. गोजरबाईनं भंडारा मुठीत घेतला, नंदा चहा ठेवायला आत वळली, आणि बहिरू म्हणाला, “तात्या, एक कागद करू.”

“कसला?”

“अर्धलीचा. तुमची सही, माझी सही.”

तात्यांना आधी वाटलं पोरगं थट्टा करतंय. ते हसले. बहिरू हसला नाही.

“तुझ्या बाची अकरा मेंढरं राखली मी,” तात्या म्हणाले. “ईस वरसं. कागद?”

“तुमच्यावर आळ न्हाई तात्या. पन कागद असू दे.”

तात्यांनी वाकून मेंढीच्या गळ्यातला दोर सोडला, नीट गुंडाळला आणि खुंटीला अडकवला. चहा न घेताच ते पायवाटेला लागले.

“आपल्या दारात आजवर कुनी कुनाला कागद मागितला न्हवता रं,” गोजरबाई म्हणाली.

मग तिनं मुठीतला भंडारा परत डबीत सोडला, डबीचं झाकण दाबून लावलं आणि पिवळी बोटं पदराला पुसली.