मिरची तोडली की जातो

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर त्यांच्याच घेवड्याला पाणी घालत होतो. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. भावकीतल्या लग्नासाठी त्या आठवडाभरापूर्वी गडहिंग्लजजवळच्या आपल्या गावी, मुलाकडे गेल्या होत्या. फोनवर माझा मेहुणा बाळू होता. "दाजी, आई गेली… चहा पिली, भिंतीला टेकून बसली, आणि गेली." मी नुसतं 'बरं' म्हणालो. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी भलतंच निघतं. नळी तशीच हातात राहिली, घेवड्याचा ड्रम भरून पाणी गच्चीभर झालं, तेव्हा कुठे मला खाली जाऊन सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगायचं सुचलं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. रडणं झालं, गावाकडचं कार्य झालं. आता मामींचा विषय निघाला की आमच्या घरात हसूच येतं. कारण ही बाई आमच्याकडे राहिलीच मुळी अशी, की रोज जायला निघालेली!

काही वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या कोल्हापुरात आमच्याकडे आल्या. सासरे आधीच गेले होते. गुडघा चालता झाला आणि मामींनी जायची भाषा सुरू केली. "लेकीच्या घरात किती दिस ऱ्हायाचं? लोक काय म्हणतील?" पिशवी भरून कॉटखाली ठेवलेली. खरं तर गावात त्यांना कुणी दुखवलं नव्हतं. बाळू सालस, त्याची बायको रूपाली कामसू. पण त्या दोघांनी जुनं घर पाडून नवं बांधलं होतं, अंगणभर फरशी घातली होती, आणि बाळू कारखान्यात नोकरीला असल्यानं शेत दुसऱ्याला कसायला दिलं होतं. जन्मभर उसाच्या बगलेला मेथी, कोथिंबीर, चवळी टाकत आलेल्या बाईला तिथं हात घालायला माती उरली नव्हती. मामी हे कधी बोलल्या नाहीत. "तिकडं समदं चकाचक हाय," एवढंच म्हणायच्या. ते कौतुक होतं की तक्रार, कुणास ठाऊक.

आमच्या गच्चीवर मात्र माती होती, आणि ती माझी होती. मला गुलाबांचं वेड. एका कुंडीत एक झाड, खाली माती भुसभुशीत, स्वच्छ, गवताची काडी नाही… असा माझा खाक्या. एका सकाळी वर गेलो तर माझ्या सगळ्यात लाडक्या गुलाबाभोवती हिरवी लव उगवलेली. वाकून बघतो तर कोथिंबीर! शेजारच्या कुंडीत लसूण. त्याच्या पलीकडच्या कुंडीत झेंडू आणि मेथी एकत्र. मी जिन्यातूनच ओरडलो, "मामी, हे काय केलंत?"

"काय केलं?" खालून त्याच पट्टीत उत्तर आलं. "एवढी माती रिकामीच की! झाड एकटंच हुबं ऱ्हातंय, बघवंना झालं मला, पावणं."

आमच्याकडे जावयाला पावणं म्हणतात. त्यामुळे घर माझं, गच्ची माझी, आणि पावणाही मीच.

सुनंदानं तह घडवून आणला. माझे गुलाब मला, आणि मामींना एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम, अर्धा कापलेला, तळाला भोकं पाडलेला. त्यात त्यांनी हवं ते करावं. त्यांनी ते इतकं मनापासून केलं की विचारू नका. मधोमध मक्याचं ताट, त्यावर चढवलेला घेवडा, कडेनं मिरची, मिरचीच्या पायाशी मुळा, आणि फट दिसेल तिथं लसणाची पाकळी. मी म्हणायचो, गर्दी होतेय. त्या म्हणायच्या, "हू दे की. घरात माणसं न्हाईत व्हय?" सगळंच जमलं असं अजिबात नाही. एकदा हौसेनं पुदिना लावला, तर त्यानं लसूण गिळला, मुळा गिळला आणि ड्रमच्या भोकांतूनही बाहेर डोकावू लागला. मामी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. "लईच अधाशी निघालं की ह्ये!" म्हणाल्या, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ पुदिन्याची चटणी खाल्ली.

भोपळ्याची गोष्ट तर आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. त्याच ड्रममध्ये त्यांनी कधीतरी भोपळ्याचं बी खोचलं. वेलानं मिरच्या झाकून टाकल्या, कठडा ओलांडला आणि शेजारच्या सावंतांच्या गच्चीवर उतरला. सावंत आणि आम्ही गाडी लावण्यावरून भांडलेलो, आणि तेव्हापासून बोलणं बंद. एके दिवशी कठड्यापलीकडून त्यांचा आवाज आला, "अहो, तुमचा वेल आमच्या टाकीवर चढलाय." मी काही बोलायच्या आत मामी पुढे झाल्या. "येऊ द्या की, सावंत. भांडान आपलं, त्येला काय म्हाईत?"

सावंत वेल तोडतील, असं मला वाटलं होतं. पण त्या वेलाला नेमकं टाकीच्या कडेलाच फळ धरलं, आणि तो भोपळा फुगायला लागला तसा सावंतांचा चेहरा बदलायला लागला. वजनानं देठ तुटेल म्हणून त्यांनी जुन्या साडीची झोळी बांधली. रोज सकाळी कठड्याशी येऊन, "आज कालच्यापेक्षा वाढलाय बरं का," असं सांगू लागले. शेवटी भोपळा उतरवला तेव्हा कुणाच्या घरी न्यायचा यावर दोन्हीकडून 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' सुरू झालं. मामींनी तिथंच विळी मागवली, गच्चीवर बसून भोपळा चिरला, आणि त्या दिवशी दोन्ही घरांत घारगे झाले. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यापर्यंत नुसता गुळाचा वास. गाडीचं काय ठरलं, ते मला आजही आठवत नाही.

या सगळ्यात मामींचं जाणं लांबत होतं. आमच्याकडच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात. मामी म्हणायच्या, "भोपळा उतारला की जातो." भोपळा उतरला तर घेवडा फुलावर. "घेवडा निघाला की जातो." घेवडा संपला तर मिरची पिकायला आलेली. "मिरची तोडली की जातो." एका ड्रममध्ये इतकं काही लावल्याचा हा फायदा मला उशिरा कळला. सगळं एकदम कधी तयारच होत नाही. काहीतरी राहतंच. आणि तोवर मामी राहायच्या. लेकीच्या घरी राहण्यासाठी त्यांना एक कारण लागायचं, आणि ते त्या स्वतःच पेरत होत्या.

पण एका उन्हाळ्यात ड्रम खरोखरच रिकामा झाला. कडक ऊन, जे होतं ते करपलेलं. मामींनी बाळूला फोन करून रविवारी न्यायला ये म्हणून सांगितलं. सुनंदा स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटत राहिली. आणि मला, गंमत म्हणजे मला, गच्चीवर जाववेना. तो ड्रम नुसता मातीचा, स्वच्छ, अगदी मला आवडायचा तसा, आणि बघवत नव्हता.

शनिवारी मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलो आणि ओल्या हळदीचे गड्डे घेऊन आलो. मामी सावंतांकडे चहाला गेल्याचं बघून ते ड्रममध्ये पुरले. रविवारी बाळू आला, चहा झाला, मामींनी पदर खोचला. तेव्हा मी म्हणालो, "मामी, ड्रममध्ये हळद लावलीय मी. पण मला त्यातलं काही कळत नाही."

"हळद?" मामी थांबल्या. "अवो पावणं, हळदीला नऊ म्हैनं लागत्यात!"

"हो का? मला काय माहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला आणि हसायलाच लागल्या. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लबाड हाईसा तुमी…" बाळूला काही कळेना. त्याला जेवू घातलं, डबा बांधून दिला आणि एकट्यालाच परत लावून दिलं. तो फाटकातून बाहेर पडतो न पडतो, तर मामी जिना चढत मला हाक मारताहेत. "नऊ म्हैनं नुसती हळदच व्हय? मधनं मेथी टाकूया की!" त्यानंतर लोक काय म्हणतील, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. भरली वांगी, हिरवा लसूण, कधी फसलेले टोमॅटो. माझ्या गुलाबांखालीही मग रिकामी माती राहिली नाही. मीच ठेवली नाही.

आणि मग ते लग्न, आणि तो फोन.

आम्ही गावी पोचलो तेव्हा दारात माणसं होती. मामींना बघून बाहेर आलो तर अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या घराची दगडी डोणी दिसली, पूर्वी गुरांना पाणी पाजायची. ती मातीनं भरलेली होती आणि मातीतून कोवळी मेथी वर आलेली. मेथीत झेंडूची रोपं, आणि मधोमध दोन पानांवर आलेला एक कुठलातरी वेल. रूपाली शेजारी येऊन उभी राहिली. ती कबनूरची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. शेतीशी तिचा कधी संबंध आला नाही. मामींना ती आत्ती म्हणायची. "आल्या दिवशीच आत्तींनी माझ्याकडून माती आणवली, दाजी," ती म्हणाली. "आमी दोघींनी भरलं. मी म्हटलं, लग्न झालं की तुमी जाणार, मग ह्ये कोण बघायचं? तर म्हणाल्या, मेथी निघंस्तवर हाय की मी हितं…" सुनंदानं तिला जवळ घेतलं. दोघी रडत होत्या आणि त्यातच मध्येच हसतही होत्या. तिकडे आम्ही आठ दिवसांनी येतील म्हणून वाट बघत होतो, आणि इथं मामींनी सुनेच्या दारातही राहायची सोय करून ठेवली होती.

कार्याच्या दिवशी ती मेथी खुडली. रूपालीनं पातळ भाजी केली, सगळ्यांना पुरवून वाढली.

परवा तिचा फोन आला. वेल खिडकीच्या गजांवर चढलाय, पिवळं फूल आलंय. दोडका असावा, असं सुनंदाचं म्हणणं, रूपालीला वाटतं घोसाळं, आणि शेजारणी आणखी काही सांगतात. रूपाली म्हणाली की सकाळी पाणी घालताना ती मोठ्यानं विचारते, "आत्ती, काय लावलायसा ह्ये?" बाळू तिला हसतो, आणि उत्तर ऐकायला उभाही राहतो.

फळ धरलं की कळेल. तेव्हा आम्ही दोघं जाणार आहोत.