राहिलेली एक कात

टेकडीवरच्या शिकारी कोळ्याची मादी आता स्पिरिटच्या बाटलीत आहे. खेकड्यासारखे आडवे पसरलेले आठ पाय, दोन ओळींत आठ डोळे, सगळं शाबूत. दुर्मीळ जातीचं नाव आणा, मग टेकडीवरची खाण थांबवू, असं परवानगी देणारे साहेब म्हणाले होते. नाव लावायला जीव मारावा लागतो, म्हणून मी मारली.

कोळ्यांच्या अभ्यासक बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "अरे, ही वयात आलेली नाही. जात जननेंद्रियावरून ओळखतात, ते अजून तयारच नाही. एक कात टाकायची राहिली होती बघ. दुसरी आण."

कुठून आणू? उद्या टेकडीला सुरुंग लागणार. नाव नसलेल्यांनी जगायचंच नाही, हा कुठला न्याय? बाटली घट्ट धरून बसलोय. हलली की तिचे पाय हलतात.