दिवस जाण्याआधीची गोळी

फोन आला तेव्हा मी रोह्याला लेकीकडे होते. "अक्का गेली," एवढंच भावोजी म्हणाले. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. महिना उलटला, तरी काही अडलं की तोंडात अजून तिचंच नाव येतं...

मी लग्न होऊन कासूजवळच्या त्या घरात आले, तेव्हा अक्काचं पहिलं बाळ जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाळाची पाठ उघडी होती, कणा मिटलेलाच नव्हता. सासूबाईंचं म्हणणं, पोटुशी असताना हिनं ग्रहणात विळी धरली. अक्का वालाच्या शेंगा सोलत बसायची आणि आम्ही तिच्याशी बोलायला बिचकायचो.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, दोष कुणाचाच नाही. थोडं दोन्ही घरांच्या रक्तातून येतं, थोडं फॉलिक ॲसिड कमी पडल्यामुळे. पालेभाजीत, कडधान्यात ते असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. एकदा झालं की पुन्हा व्हायची भीती जास्त, म्हणून गोळी दिवस जाण्याआधीपासून घ्यायची. कणा पहिल्या महिन्यातच मिटतो, तेव्हा बाईला पाळी चुकल्याचाही धड पत्ता नसतो. हे मला अक्कानंच सांगितलं. बाई भात वैरते, केर काढते, आणि आत कुणाची तरी पाठ शिवून होते!

आमच्याकडे तिसरा महिना सरल्याशिवाय कुणी दिवस गेल्याचा चकार शब्द काढत नाही. त्यात दिवस नसताना रोज गोळी खाणारी बाई म्हणजे अर्थ एकच. सासूबाईंनी पाकीट पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "पोर नको म्हनून गोल्या खातेस व्हय गो?" पाकीट थेट चुलीत गेलं.

दुसरी रडत बसली असती. अक्का पदर खोचून अंगणात गेली. तिथं शेजारणी पापड लाटायला जमल्या होत्या. "मला पोर पायजे, म्हनून खातंय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या बाळाला ताप नव्हता आला. त्याची पाठ उघडी व्हती." घरानं गावाला तापच सांगितला होता. लाटणी थांबली.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतः अक्काबरोबर पेणला गेल्या, डॉक्टरीणबाईंना उलटसुलट विचारून आल्या, आणि तेव्हापासून रोज आपल्या हातानं गोळी देऊ लागल्या. गोळीनं सगळंच टळतं असं नाही, हे बाईंनी बजावलं होतं, त्यामुळे बाळंतपण होईपर्यंत आमचा जीव टांगणीला. मुलगी झाली. आम्ही तोंड बघायला धावलो. सासूबाईंनी मात्र नातीला आधी पालथी केली, पाठीवरून बोट फिरवलं, आणि त्या खमक्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पुढे गावात लग्न झालं की अक्का डॉक्टरीणबाईंना विचारून पाकीट आणायची आणि नवरीची ओटी भरताना तांदूळ-नारळाबरोबर ठेवायची, सासूला समोर बसवून, सगळं समजावून. बायका हसायच्या. ही म्हणायची, "हसा गो, पन द्या."

परवा खाडीकडच्या एका गावात लग्नाला गेले. अक्काला तिथं कुणी ओळखत नव्हतं. नवरीची ओटी भरून झाली तशी तिची मिठागरात राबणारी सासू म्हणाली, "थांबा गो, गोली ऱ्हायली."

मी न राहवून विचारलं, "ही कुणी सांगितली तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? आमच्यात पयल्यापासून रीतच हाय ती."