कप्तान बदलण्याबाबत

मॅच सुरू होऊन पाच मिनिटं झाली की काकाजी हेल्मेटची काच वर करत आणि म्हणत, "आता याले काढा."

'हा' म्हणजे आमच्या वसाहतीच्या हॉकी टीमचा कप्तान. त्याच्या हातून बॉल सुटला की हे म्हणत, "आता याले काढा." त्याने बॉल अडवला तरी म्हणत, "अडवला, पण किती उशिरा! काढा न बाप्पा याले." बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असला आणि कप्तान नुसता कमरेवर हात ठेवून उभा असला, तर, "पाहा, उभाच हाय." चौदा वर्षं तो कप्तान होता आणि चौदा वर्षं हे गृहस्थ त्याला काढायला निघाले होते.

हेल्मेटचंही सांगून टाकते. आमची वसाहत भद्रावतीच्या बाजूला. मैदान मुरमाचं, कुंपण बुटकं, बॉल कुठे उसळेल त्याचा नेम नाही. एकदा एक बॉल त्यांच्या कानाजवळून गेला. दुसऱ्या कुणी जागा बदलली असती. यांनी जागा तीच ठेवली, डाव्या कोपऱ्यातल्या बाभळीखालची, आणि स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर हेल्मेट घालून बसायला सुरुवात केली. स्कूटर चालवताना मात्र त्यांच्या डोक्यावर हेल्मेट कुणी कधी पाहिलं नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. पण तुमचा माणूस बहुधा नुसता ओरडत असेल. आमचा लेखी ओरडत असे.

आयुष्यभर ते एका ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसले होते. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा. त्यामुळे तोंडी गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. "उद्या शाळेला सुट्टी आहे," असं मी फाटकातून सांगितलं तरी विचारत, "कागदावर हाय का, मॅडम?" दर वर्षी हॉकीचा सीझन संपला की ते वसाहतीच्या क्रीडा मंडळाला एक अर्ज देत. विषय : कप्तान बदलण्याबाबत. संदर्भ : आमचा मागील वर्षीचा अर्ज. मंडळाचे सचिव त्यावर शिक्का मारून पोच देत आणि अर्ज कपाटात टाकत. पोच मिळाली की हे वर्षभर समाधानात असत.

यात मीही धुतल्या तांदळाची नाही. मी वसाहतीतल्या शाळेत मराठी शिकवते. घर मैदानासमोर, त्यामुळे खिडकी उघडली की मॅच. अर्जाचा मसुदा ते आधी माझ्याकडे आणत. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासत असे. एका वर्षी मसुदा फार मिळमिळीत वाटला म्हणून मीच त्यात 'तातडीने' हा शब्द घातला. त्यांना तो इतका आवडला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो राहिला.

कप्तानाला काढायला निघालेला हा माणूस त्याची एकही मॅच चुकवत नसे. गडचिरोलीला स्पर्धा असली की पहाटेच्या एसटीने जाई, सोबत डबा आणि हातात हेल्मेट. अहेरीपर्यंतसुद्धा गेले होते. रस्ता असा की परत आल्यावर दोन दिवस कंबर धरून चालत होते. मी विचारलं, "ज्याला काढायचंय त्याला पाहायला इतक्या दूर कशाला जाता?"

"लक्ष ठेवा लागते, मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले. "आपलं लक्ष नसलं तं तो आणखी बिघडंल."

मग तो सीझन आला. गडचिरोलीच्या मैदानावर कप्तानाचा गुडघा गेला. परत आल्यावर त्याने सचिवांना सांगितलं की आता पुरे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने गुडघ्यामुळे खेळ सोडणं यात खरं तर काही विशेष नाही. पण आमच्या मंडळाच्या नियमात लिहिलं होतं की कप्तान बदलायचा तर लेखी अर्ज हवा. सचिव कप्तानाला म्हणाले, दोन ओळी लिहून दे. कप्तान म्हणाला, "खेळलो ते काय लिहून खेळलो होतो का?" आणि लंगडत निघून गेला.

सचिवांपुढे पेच पडला. पण तो फार वेळ टिकला नाही. कपाटात अर्जांचा गठ्ठा तयारच होता. सगळ्यांत वरचा त्यांनी उचलला आणि दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर नोटीस लागली. त्यात यांचं पूर्ण नाव घालून लिहिलं होतं, 'यांच्या अर्जास अनुसरून सध्याच्या कप्तानास तातडीने जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.'

'तातडीने' वाचून मी मागे कुणी उभं नाही ना ते पाहिलं.

वसाहतीत हाहाकार उडाला. हॉकीत एका बाजूला किती खेळाडू असतात हे ज्यांना सांगता आलं नसतं, तेही हळहळू लागले. पानठेल्यावर कप्तानाच्या आठवणी निघू लागल्या. मॅचच्या दिवशी तीसच्या वर माणसं मी मैदानावर कधी पाहिली नव्हती. आता जो भेटे तो प्रत्येक मॅचला हजर होता. मोबाइलवर सगळ्यांनी कप्तानाचा एकच फोटो लावला, त्यात तो डोळे मिटून शिंकण्याच्या बेतात होता. सगळ्यांकडे तेवढाच एक होता.

आणि दुःख एवढं मोठं असलं की ते कुणावर तरी काढावं लागतं. नाव तर फाटकावरच लिहिलेलं होतं. दूधवाल्याने त्यांना विचारलं, "झालं समाधान, काकाजी?" हॉकीचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात कुणीतरी यांच्याबद्दल लिहिलं, 'याले काढा.' खाली अंगठ्यांची रांग लागली आणि त्यांना काढलं. चौदा वर्षांत ही मागणी पहिल्यांदाच इतक्या चटकन मान्य झाली.

ते माझ्याकडे आले. नोटीस त्यांनी कागदावर उतरवून आणली होती. "मॅडम, हे मी नाई केलं."

"अहो, त्याने गुडघ्यामुळे सोडलंय. सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत हाय. पण कागदावर गुडघा कुठी हाय? कागदावर माझा अर्ज हाय." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "तो काय समजंल? म्हणंल, या बुढ्यानं शेवटी काढलंच मले."

मला हसू आवरलं नाही. "मग इतकी वर्षं मागत काय होतात?"

"मागत होतो," ते म्हणाले. "पण देतीन असं थोडी वाटलं होतं? या मंडळानं आजवर कोणाचं काई आयकलं हाय का? माझंच काऊन आयकलं?"

मी चहा ठेवते म्हटलं, तर ते नको म्हणाले. त्यांना चहा नको असलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

निरोपाचा समारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी आधी स्वतःच्या शाळेतल्या कबड्डीविषयी सांगितलं आणि मग कप्तानाकडे वळून म्हणाले की अहेरीच्या स्पर्धेत यांनी एकट्याने तीन गोल केले, ते आपण कधी विसरणार नाही. टाळ्या पडल्या. काकाजी आणि मी शेवटच्या रांगेत होतो. हे माझ्या कानाशी म्हणाले, "एकबी नाई केला. हा तं बॅक हाय. बॅक काऊन गोल करंल? अहेरीले यानं तीन अडवले."

पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "तुम्ही तं बोलूच नका."

भाषणांमागून भाषणं झाली. कप्तान आमचा वाघ होता, आमचा आधार होता, आमची शान होता. कुठल्या मॅचमध्ये, कसा, हे कुणीच सांगेना. कप्तान शाल पांघरून खाली पाहत बसला होता. मला वाटतं, तो कुणा दुसऱ्याच माणसाचा समारंभ पाहत होता.

शेवटी हे उठले आणि स्टेजकडे निघाले. दोघांनी त्यांना वाटेतच अडवलं. तमाशा नको म्हणून मीच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. त्याची मला अजून लाज वाटते. तमाशा तर आत चालला होता.

ते गेल्या वर्षी गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. त्यांच्याबद्दल विचारलं की लोक आजही हसत हसत हेल्मेटची गोष्ट सांगतात. मी ऐकून घेते. पण समारंभानंतरच्या रविवारी सकाळी काय झालं ते कप्तानाच्या घराबाहेर फक्त मला माहीत आहे, कारण ते मला जबरदस्तीने सोबत घेऊन गेले होते. "तुमचा एक शब्द हाय त्या नोटिशीत," म्हणाले. मी चपला घातल्या.

कप्तानाच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा तो पाय स्टुलावर ठेवून गुडघा शेकत बसला होता. त्याची बायको सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. यांना पाहून तिचा हात थांबला. आवाज तिला ओळखीचा होता, तोंड तिने हेल्मेटशिवाय इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं असावं. "या न काकाजी," तरी ती म्हणाली.

हे बसले नाहीत. उभ्यानेच खिशातून कागद काढून पुढे केला. विषय : कप्तान बदलण्याबाबतचे आमचे सर्व अर्ज मागे घेण्याबाबत. खाली चौदाही अर्जांचे संदर्भ ओळीने दिले होते. हा मसुदा त्यांनी मला दाखवला नव्हता. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, आणि 'तातडीने' नव्हतं.

कप्तानाने तो दोनदा वाचला. मला वाटलं आता हा हसेल, आणि हसला तर हा म्हातारा इथेच कोसळेल.

"काकाजी, मी सोताच सोडलं," तो म्हणाला. "तुमच्या अर्जानं नाई."

"कागदावर तसं नाई."

कप्तानाने बायकोकडे पाहिलं. तिने मुलीच्या दप्तरातून पेन आणून दिला. ज्या माणसाने मंडळाला दोन ओळी दिल्या नव्हत्या, त्याने त्या अर्जाच्या खाली सावकाश लिहिलं, 'मी खेळ स्वतः सोडला. गुडघ्यामुळे. काकाजींचा काही संबंध नाही.' सही केली. तारीखही घातली. यांनी कागद वाचला, घडी केली, वरच्या खिशात ठेवला, आणि मग कुठे ते खुर्चीवर बसले. चहा आला. तो मात्र त्यांनी दोन घोटांत संपवला.

मी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात कप्तान म्हणाला, "काकाजी, एक इचारू? एवढी वर्षं तुम्ही पाहून राह्यले. मी खेळे कसा?"

"आता जाऊ द्या न."

"नाई. खरं सांगा. लोकाईचं आयकलं मी त्या दिवशी. ते कोणाबद्दल बोलून राह्यले होते, मले समजलंच नाई."

यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग सुरू झाले. पहिली मॅच, बल्लारपूरच्या टीमशी. "तुमचा उजवा बूट फाटला होता. तुम्ही सारखं खाली पाहे, म्हणून पहिला गोल गेला." दुसरी मॅच. तिसरी. कुठे कप्तानाने स्टिक लवकर टाकली, कुठे गोलापुढची डी सोडून पुढे धावला, कुठे पेनल्टी कॉर्नरला एक पाऊल उशिरा निघाला. समोरच्या टीमचा शर्ट कुठल्या रंगाचा, मैदान ओलं होतं की कोरडं, सगळं. चूक सांगताना ती झाली कशी हे सांगावं लागे, आणि ते सांगताना कप्तानाने आधी काय काय अडवलं हेही आपोआप येई. अहेरीचे ते तीन बॉल त्यांनी एकेक करून सांगितले, तिसऱ्यात तेवढी खोट काढून.

कप्तान डोळे मिटून ऐकत होता. मधेच ओठ हलत, जणू तो बॉल त्याच्याकडे येत होता. त्याच्या बायकोने सूप बाजूला ठेवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नवरा मैदानावर करतो काय हे तिला कुणी असं बसून सांगितलं नव्हतं. गुडघा शेकायची पिशवी गार होऊन गेली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

असं करत करत ते गडचिरोलीपर्यंत आले. "दुसऱ्या हाफमध्ये त्याहीचा तो उंच पोरगा डावीकडून आला. तुम्ही बरोबर आडवे आले. बॉल घेतला. मंग पाय वळला तुमचा." ते थांबले. आम्ही चूक ऐकायला थांबलो होतो. "तिथी तुमचं काई चुकलं नाई," ते म्हणाले.

कप्तानाने डोळे उघडले नाहीत. पापण्यांखालून पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही.

"सांगा न, काकाजी," थोड्या वेळाने तो म्हणाला. "पुढची मॅच सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या स्टुलावरच्या पायाकडे. पुढची मॅच नव्हती.