रिळं बदलणारी बहीण

माझा दादा दोरे विकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं! तर मग कापडाचा नखाएवढा तुकडा घ्या, उजेडात धरा आणि अडीचशे रिळांतून नेमकं एक काढून दाखवा, मग माझ्याशी बोला. ट्यूबच्या उजेडावर दादाचा काडीचा भरवसा नव्हता. तिच्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ होतात, असं म्हणायचा. बाजारातले सगळे शिंपी त्याच्याकडेच यायचे.

दुकान आम्हा दोघांचं. बटणं, चेन, अस्तर माझ्याकडे, दोरे त्याच्याकडे. मी लग्न केलं नाही, आणि का ते विचारायचं नाही. घरात दादा, वहिनी आणि मी.

छपन्नाव्या वर्षी दादाने एका करड्या कोटाला हिरवट दोरा दिला. पलीकडच्या गल्लीत एक शिंपीण आहे, आम्ही तिला टीपवाली म्हणतो. तिने तो गुपचूप मला परत आणून दिला. मी हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात आणखी दोन रिळं परत आली, तेव्हा चष्म्याचं निमित्त काढून मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोळ्यांत थेंब घालून त्याला बाहेर बाकावर बसवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. पडद्याचा आजार आहे, म्हणाल्या, रंग हळूहळू जातील, दोन-तीन वर्षं लागतील, औषध नाही. बाकीचं दिसत राहील. त्यांना मी सांगू की तुम्ही सांगताय, असंही त्यांनी विचारलं.

मी सांगते म्हटलं. आणि बाहेर येऊन काय सांगितलं? काही नाही रे, वयोमानाने होतं, नंबर बदललाय.

वहिनीला मात्र खरं सांगितलं. ती खूप रडली. त्याचा जीव त्या रिळांत, कळलं तर हाय खाईल, असं आम्ही दोघींनी परस्पर ठरवून टाकलं. त्यानंतर दोन वर्षं दादा रीळ काढायचा, मी गुंडाळून देते म्हणून हातातून घ्यायचे आणि काउंटरखाली बदलायचे. गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, तीही मूग गिळून बसायची. दादा विचारायचा, जमलं ना? मी म्हणायचे, तंतोतंत. खोटं कशाला बोलू, मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटायचं.

मग एकदा मी तापाने घरी पडले आणि दादा स्वतःच टीपवालीकडे रीळ पोचवायला गेला. तिने कागद उलगडला, बघितलं आणि सवयीने विचारलं, ताईंनी बघितलंय ना हे? कशाला, असं त्याने विचारल्यावर त्या बिचारीला काही लपवता आलं नाही.

तो तसाच, पायांतल्या चपलांसकट, माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, ते शब्दन् शब्द सांग, म्हणाला. मी सांगितलं. तुझ्या भल्यासाठीच केलं, हेही जोडलं.

"दोन वर्षं होती माझ्याकडे," दादा म्हणाला. "जाणार आहेत हे माहीत असतं, तर सगळं एकदा नीट बघून घेतलं असतं मी. ते शेवटचं बघणंच तू मला न विचारता हिरावून घेतलंस."

मला रागच आला. दोन वर्षं मी राबले, आणि वर हे ऐकून घ्यायचं? पण तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडले. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

बावीस दिवस तो दुकानात आला नाही. वहिनीने माफी मागितली, तिच्याशी तो बोलायला लागला. तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेला, सगळं स्वतःच्या कानांनी ऐकून आला. माझ्याशी मात्र मीठ दे, दार लाव, एवढंच.

तेविसाव्या दिवशी आला तो रिळं जागच्या जागी सापडावीत म्हणून प्रत्येक खणावर ठळक आकडे चिकटवायला लागला. आलेल्या प्रत्येक शिंप्याला सरळ सांगितलं, मला आता रंग ओळखू येत नाहीत, रंग तुम्ही निवडा, दोरा कुठला टिकेल ते मी सांगतो. आधी सगळे चुळबुळले. तो हसून म्हणायचा, इतकी वर्षं मी दाखवले, आता तुम्ही दाखवा की. दोरा बोटांत फिरवून पीळ सैल आहे की घट्ट, या कापडावर शिवण ओढेल की नाही, हे तो अचूक सांगू लागला. आता शिंपी शिवणीच्या तक्रारीसुद्धा त्याच्याकडे घेऊन येतात. लपवायला काही उरलं नाही, तसा माणूस मोकळा झाला. मलाच ते बघवत नव्हतं.

कारण रंग तो कुणालाही विचारायचा. भाजीची पिशवी घेऊन सहज डोकावलेल्या बाईलासुद्धा. दोन हातांवर उभ्या असलेल्या मला कधीच नाही.

परवा एक नवीन बाई मखमलीचा तुकडा घेऊन आल्या. बराच वेळ रिळं उलटसुलट करून त्यांनी एक उचललं, पण मन धजेना. ताईंना दाखवू का, त्यांनी दादाला विचारलं.

"तिला नको," दादा म्हणाला. "ती मला बरं वाटेल तेच सांगते."

रागाने नाही म्हणाला. पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगावं, तसं म्हणाला. माझ्या हातातली कात्री अस्तरात तशीच राहिली. बाईंच्या हातातलं रीळ मला दिसत होतं, आणि ते चुकीचं होतं.

"दादा, ते चुकतंय," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "मखमल वांगी रंगाची आहे. दोरा तपकिरी आहे."

तो माझ्याकडे वळला. कित्येक महिन्यांनी नीट बघितलं त्याने माझ्याकडे.

"हे तेव्हा सांगायचं होतंस," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

मी बरोबरचं रीळ काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने बोटांत फिरवून दोऱ्याचा पीळ बघितला, मग ते त्या बाईंपुढे धरलं आणि म्हणाला, "ही म्हणते तसं आहे का, तुम्ही बघून सांगा." बाईंनी मान डोलावली, तेव्हाच त्याने ते कागदात बांधायला घेतलं.