पाचवं कडवं

'स्थानिक कलावंतांना प्रोत्साहन द्या,' असं कुणी माईकवरून म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणारा बहुधा एखाद्या समितीचा अध्यक्ष असतो. गळ्यात नवा दुपट्टा, समोर पाण्याची बाटली. आणि ज्या स्थानिक कलावंतांबद्दल त्याचा गळा दाटून आलेला असतो, ते त्या क्षणी स्टेजच्या मागे पेटीला कापड गुंडाळत असतात, कारण पाचच मिनिटांपूर्वी याच गृहस्थाने त्यांना गाणं अर्धवट सोडायला लावून उठवलेलं असतं.

आमच्या वऱ्हाडात हा रिवाजच आहे. अमरावती असो, अकोला असो, दर्यापूर नाहीतर परतवाडा असो, जयंती असो की सभागृहाचं उद्घाटन असो. कार्यक्रमाची वेळ सहाची, पाहुणे यायचे साडेसातला. मधल्या दीड तासात लोक उठून जाऊ नयेत म्हणून गावातली गायन पार्टी बसवायची. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली की पार्टी बंद. गाणं कुठल्या ओळीवर आहे, हे कुणी बघत नाही. पंगतीत जेवणाऱ्याच्या हातातला घास काढून घेतला तर मारामारी होईल, पण गाणाऱ्याच्या तोंडातली ओळ काढून घेतली तर लोक टाळ्या वाजवतात.

मी हे ऐकून सांगत नाही. मी स्वतः त्या पार्टीत बसलेली आहे.

माझे मामा दर्यापूरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. दिवसभर कापसाच्या धुळीत मशीन दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी आंघोळ करून पेटीवर बसायचे. गाणी स्वतः रचायचे. बाबासाहेबांची, शाळेची, कामाची. ढोलकीवर त्यांचे शेजारी, शेतकरी माणूस, भजनात वाजवून हात तयार झालेला. कोरसला मामी आणि मी. कॉलेजसाठी मी चार वर्षं मामांकडे राहिले, तेव्हा आपोआपच कोरसमध्ये ओढली गेले. कोरसचं काम सोपं असतं असं लोकांना वाटतं. मामा ओळ टाकणार आणि आम्ही ती उचलणार. पण मामांचा श्वास कुठे संपतो ते आधी कळावं लागतं, नाहीतर ओळ खाली पडते. "मी थकलो तरी ओळ थकली नाई पायजे," मामा म्हणायचे.

त्यांचं एक गाणं लोकांना फार आवडायचं. ते त्यांच्या आईवर, म्हणजे माझ्या आजीवर होतं. आजी साठीच्या घरात असताना साक्षरतेच्या वर्गाला गेली आणि सही करायला शिकली.

पाटीवर मायनं नाव लिवलं,
अंगठ्याचं जिणं तिनं मागं ठिवलं.

पाच कडवी होती. पहिल्यात उसनी आणलेली पाटी. दुसऱ्यात काही केल्या सरळ न बसणारं अक्षर. तिसऱ्यात बँकेतला कारकून न विचारताच शाईचं पॅड पुढे सरकवतो. चौथ्यात आजी ते पॅड मागे ढकलते आणि पेन मागते. इथे टाळ्या पडायच्याच. आणि पाचव्यात, स्वतःचं नाव लिहून झाल्यावर, ती म्हणते की आता मला माझ्या लेकाचं नाव लिहायला शिकव. मग ती ते लिहिते, आणि गाण्यात मामांचं नाव येतं. आमच्याकडे गाणं रचणाऱ्याचं नाव असंच शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं. कागद नाही, कॅसेट नाही, नोंदणी नाही. गाणं कुणाचं, याचा पुरावा म्हणजे ते शेवटचं कडवं.

आता ज्या रिवाजाबद्दल मी चिडून बोलत होते तो पुन्हा आठवा. मामांच्या पार्टीला पाचव्या कडव्यापर्यंत कुणी कधी पोचूच दिलं नाही.

मी कोरसमध्ये नवीन होते तेव्हा दर्यापुरातच तिसऱ्या कडव्यावर थांबवलं. एक कार्यकर्ता वाकून आला आणि त्याने सरळ पेटीच्या भात्यावर हात ठेवला. पेटी एखाद्याचा गळा धरावा तशी गप्प झाली. मामांनी वर पाहिलं, हात जोडले आणि पेटी उचलून बाजूला झाले. मी रडकुंडीला आले होते. "काहून तोंड पाडून राहिली? पुढच्या खेपेले होते पुरं," ते म्हणाले. पुढच्या खेपेला परतवाड्यात चौथ्या कडव्यावर थांबवलं. त्याच्या पुढच्या खेपेला एका नेत्याचं स्वागत दुसऱ्या कडव्यातच झालं. मामा दर वेळी हात जोडायचे. मला त्या जोडलेल्या हातांचाही राग यायचा, आणि अजून येतो.

मग लग्न होऊन मी अमरावतीला आले, राजापेठेत राहू लागले, शाळेत शिकवू लागले. सुट्टीत मात्र मामांच्या कोरसला जातच होते. मधल्या काळात सगळ्यांच्या हाती मोबाईल आले. मामांचं गाणं कुणीकुणी रेकॉर्ड करून पाठवू लागलं. मला वाटलं, चला, निदान गाणं तरी फिरतंय.

अकोल्याच्या एका कार्यक्रमात ते फिरलेलं गाणं माझ्या अंगावर आलं. मुख्य गायक बाहेरून आलेला, मोठ्या नावाचा. त्याच्याआधी, पाहुणे येईपर्यंत, मामांची पार्टी. त्या दिवशी तर दोनच गाणी झाली, आजीचं गाणं राहूनच गेलं. आम्ही स्टेजच्या मागे सामान बांधत होतो आणि समोरून, भल्यामोठ्या स्पीकरवरून, त्या गायकाने तेच गाणं सुरू केलं. "एक पारंपरिक लोकगीत सादर करतो, रचनाकार अज्ञात," असं सांगून. रचनाकार अज्ञात! रचनाकार तिथे दहा पावलांवर ढोलकीच्या पिशवीची गाठ मारत उभा होता.

चौथ्या कडव्यावर गाणं संपलं. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. तो खाली उतरल्याबरोबर मी त्याला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा घाबरला. त्याने मोबाईल काढून मला रेकॉर्डिंग ऐकवलं. "ताई, माझ्याकडे एवढंच आलंय. ऐका ना."

मी ऐकलं. मामांचा आवाज, मामीचा, माझा. चौथं कडवं संपतं न संपतं तोच एक खणखणीत आवाज, "टाळ्यांच्या गजरात साहेबांचं स्वागत करूया!" आणि रेकॉर्डिंग संपलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. मामांचं नाव त्या गायकाने खाल्लं नव्हतं. ते आमच्याच लोकांनी, आमच्याच गावात, आमच्याच जयंत्यांमध्ये कापलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. अहो, विकणं राहू द्या, आम्ही तर पिकलेलं पायाखाली तुडवत होतो.

"नाव सांगा, मी पुढच्या गाण्याआधी जाहीर करतो," तो गायक म्हणाला. मी मामांकडे धावले. मामांनी मान हलवली.

"त्याच्या तोंडून काहून? आपल्या लोकाईनं ऐकलं नाई, तं त्यानं सांगून काय होते?"

"मग पुढच्या वेळी पाचवं कडवं आधी म्हणा," मी चिडून म्हणाले. "नाव आधी येऊन जाऊ द्या, मग खुशाल थांबवू द्या त्यांना."

मामा हसले. "आधी नाव सांगते तो पुढारी, माय. गाणाऱ्याचं नाव मागूनच येते."

यापुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलं नाही तर बाकीच्यांवर चिडायचा मला काय अधिकार?

मी आमच्या वस्तीच्या जयंती समितीत शिरले. भांडून मामांच्या पार्टीला पूर्ण पाऊण तास मिळवला. कार्यक्रम पत्रिकेवर तसं छापून घेतलं. बाई शिक्षिका, म्हणून सूत्रसंचालनही माझ्याकडे आलं. त्या दिवशी मामांचा आवाज मस्त लागला होता. आजीचं गाणं सुरू झालं, चौथ्या कडव्यावर टाळ्या पडल्या, आणि प्रमुख पाहुणे असलेले साहेब कधी नव्हे ते वेळेआधी आले. अध्यक्षांनी लांबून माझ्याकडे नुसतं पाहिलं. हातही हलवला नाही.

आणि मी, चार वर्षं त्या पार्टीत बसलेली मी, माईक तोंडाशी नेऊन म्हणाले, "धन्यवाद! आपल्या स्थानिक कलावंतांसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

का म्हणाले? कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. शाळेत घंटा झाली की हातातला खडू जसा आपोआप खाली येतो, तसं ते शब्द आले. मामांनी भाता मिटला, हात जोडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले तर म्हणाले, "चांगली बोलली तू माईकवर. आवाज स्वच्छ आहे तुहा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मामांनी पार्टी बंद केली. पेटी कपाटावर गेली. कापसाच्या धुळीने छाती आधीच भरलेली, आता दोन ओळींत धाप लागायची. डॉक्टरांनी गाणं कमी करा म्हटलं होतं. मला दिसत होतं की हे कडवं यंदा नाही झालं तर कधीच होणार नाही. मी दर्यापूरला गेले आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.

"मले आता होत नाई, बाई," ते म्हणाले.

"एक गाणं. फक्त एक."

"अन् पावने आले तं?"

"माईक माझ्या हातात राहील, मामा."

मामांनी कपाटावर नजर टाकली. मग मामीला म्हणाले, "पेटी खाली काढ."

समितीत या वेळी मी सरळ सांगितलं की गाणं सुरू असताना कुणी भात्यावर हात ठेवला तर मी माईकवरून त्याचं नाव घेईन. "बाई, साहेब नाराज होतील," अध्यक्ष म्हणाले. "होऊ द्या," मी म्हणाले. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

मामा बसले. शेजारी ढोलकीवाले काका, मामी, आणि मामीजवळ कोरसची एक जागा रिकामी, कारण मी माईकपाशी. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर गाडी आली. अध्यक्ष उठले. मी स्टेजच्या पायरीशी गेले आणि साहेबांना हात जोडून हळूच म्हणाले, "साहेब, गाणं सुरू आहे. दोन मिनिटं बसता का?"

"हो हो, बसतो ना," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेत बसले. पाणी मागितलं. गाणं ऐकू लागले.

एवढंच होतं हो! इतकी वर्षं एवढंच होतं. कुणी विचारलंच नव्हतं. पाहुण्यांनी कधी गाणं थांबवायला सांगितलं नव्हतं. ते आपण थांबवत होतो, न सांगता, मान वाकवायची सवय म्हणून. त्या क्षणी मला साहेबांचा नाही, आमच्या अख्ख्या जातीजमातीचा, वस्तीचा, जिल्ह्याचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझा.

चौथं कडवं झालं. टाळ्या पडल्या. आणि मामांनी भाता मिटला, हात जोडले आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

कुणीच थांबवलं नव्हतं. ते आपणहून थांबले होते. स्टेजवर चौथ्या कडव्याच्या पुढे ते कधी गेलेच नव्हते.

मी जवळ जाऊन म्हणाले, "मामा, पाचवं."

"पावने आले ना?"

"बसून आहेत. तुमचंच ऐकून राहिले."

त्यांनी खाली पाहिलं. पहिल्या रांगेत साहेब पाण्याची बाटली हातात धरून वाट बघत होते. मामा परत बसले. भाता उघडला. पाचवं कडवं सुरू झालं तेव्हा धाप ऐकू येत होती. आजी लेकाचं नाव लिहायला पाटी घेते, पहिलं अक्षर काढते, दुसरं काढते, आणि नावाच्या ओळीवर मामांचा आवाज बसला. लाजेने की दम संपून, ते मला आजही माहीत नाही. ओठ हलले, नाव ऐकूच आलं नाही.

पण त्यांचा श्वास कुठे संपतो ते मला माहीत होतं. माईक माझ्या हातात होता. मी ओळ उचलली. मामीने उचलली. मी ती पुन्हा म्हटली, आणि पुन्हा, मामांचं पूर्ण नाव, आडनावासकट, साहेबांकडे आणि अध्यक्षांकडे बघून, गाताना ओरडू नये हे विसरून.

ते नाव मी इथे लिहीत नाही. मामांचा नियम आहे, नाव शेवटी येतं, पूर्ण गाणं ऐकणाऱ्यालाच मिळतं. हवं असेल तर दर्यापूरला या. आणि आलात तर गाणं संपेपर्यंत बसा.