तीन प्लेटांचा क्लच

अमरावतीचा एक बांधकामवाला हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या अकोल्याच्या दुकानात आला. ट्रक-ट्रॅक्टरच्या घासलेल्या क्लच प्लेटांना नवं अस्तर चढवून द्यायचं हे दुकान वडिलांचं. ते गेल्यावर मी चालवते. डिप्लोमा पॉलिटेक्निकमध्ये झाला, पण हात तयार झाले ते त्यांच्या शेजारी बसून.

"मालक कुठं गेले?" त्यानं विचारलं.

"मीच."

तो हसला. मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर, समोर आलेला चहा त्यानं बोटानं थोडा लांब सरकवला. "आताच घेतला," म्हणाला. आमच्याकडे हे समजायला फार शिक्षण लागत नाही.

गाडी परदेशी होती. पुण्यात टर्बो बदलून तिची ताकद जवळजवळ दुप्पट करून आणलेली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मागंच राहायची. कंपनीचा क्लच घसरत होता, दुसरं काही नाही.

"रोज कुठं चालवता?"

"शहरात, हायवेले. तुमाले काय करायचं त्याचं?"

मी समजावून सांगितलं. एका प्लेटेला एवढी ताकद धरवत नाही. दोन प्लेटा घालू, साध्या गाडीत असतं तशाच अस्तराच्या, मधे स्प्रिंगा असलेल्या. इंजिनच्या ताकदीपेक्षा थोडं जास्त धरतील, पेडल हलकं राहील, गर्दीतही गाडी हळू उचलता येईल.

त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. तीन प्लेटांचा, सिरॅमिकचा, शर्यतीच्या गाडीचा क्लच. पेडल दाबलं की डब्यात गोटे हलवावेत तसा खडखडाट.

"हा आवाज पायजे मले. सिग्नलवर लोकायले समजलं पायजे, काय गाडी हाय."

"हा मैदानावरचा आहे. एकदम पकडतो, नाही तर एकदम सोडतो. मधलं काही नाही. पेडल जड, गर्दीत गचके खाईल, बंद पडेल. झटके गिअरबॉक्सवर जातील ते वेगळंच."

"मॅडम, जमत नसन तर सांगा. पुण्याले नेतो."

तिथं मी फसले. बाई म्हणून, आडनावावरून, आणि आता काम जमत नाही म्हणून, एका तासात तीनदा मला कमी लेखून झालं होतं. मी क्लच मागवला आणि बसवला. खोटं कशाला बोलू, पेटीतून काढला तेव्हा तो देखणा होता. मी त्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, 'अकोल्यात पहिल्यांदा' असं लिहून. लोकांनी वाहवा केली आणि ती मला गोड लागली.

गाडी देताना बजावलं, "पहिले काही दिवस हळू चालवा. प्लेटा एकमेकींवर बसू द्या." त्यानं दुकानासमोरच टायर जागच्या जागी फिरवले. समोरच्या भाजीवालीच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर धुराचा आणि धुळीचा लोट गेला. ती शिव्या देत होती आणि मी हात हलवून त्याला निरोप देत होते.

महिन्याभरात तीच गाडी परत आली. दुकानाच्या उंबऱ्यावर चढताना दोनदा बंद पडली. आतून एक बाई उतरल्या. डावा पाय धड टेकवत नव्हत्या.

"तुमीच बसवला का हा क्लच?"

त्या त्याची बायको. माहेर अकोटचं. त्यांची लहान गाडी दुरुस्तीला होती म्हणून ही घेऊन माहेरी गेल्या होत्या. आदल्या दिवशी वडिलांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. त्यांना मागच्या सीटवर निजवून अकोल्याच्या दवाखान्यात आणायला निघाल्या. कापसाचा हंगाम, जिनिंगसमोर ट्रॅक्टरांची रांग. एक हात गाडी पुढं घ्यायची म्हटलं की गचका. प्रत्येक गचक्याला बाबा ओरडायचे.

"मंग त्यायनं ओकलं सारं. मी गाडी सोडून पायी जाणार होती, पण त्यायले कशी नेऊ?"

मागची सीट अजून तशीच होती. पित्ताचा आंबूस वास येत होता. आम्ही दोघींनी मिळून ती पुसायला घेतली. तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. हात ओले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"सीट खराब झाली का? लेदर हाय ते, पाण्यानं पुसू नको."

"बाबाचं ऑपरेशन हाय उद्या," त्या म्हणाल्या.

"हो, समजलं ना. तू सीटचं पाह्य पयले."

त्यांनी बोटानं फोन बंद केला आणि पुसत राहिल्या.

"गाडी माझ्या नावावर हाय," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "हे काढून टाका."

त्यांची सही घेऊन मी क्लच उतरवला. प्लेटा जळून निळ्या पडल्या होत्या, कडांना तडे गेले होते. दोन प्लेटांचा क्लच पुण्याहून चौथ्या दिवशी आला, तो बसवला.

गाडी न्यायला नवरा आला, सोबत दोन दोस्त घेऊन. "बायकोच्या सांगण्यावरून माझी गाडी खोलली?"

"कागदावर त्यांची आहे."

त्यानं पेडल दाबलं. खडखडाट नाही. "मेली ना गाडी!"

"चालवून पाहा."

बायपासला जाऊन आला. तिसऱ्या गिअरमध्येही क्लच घसरला नव्हता, हे त्याच्या तोंडावरूनच कळलं. खोट सापडली नाही म्हणून तो जास्तच चिडला. उतरवलेला तीन प्लेटांचा क्लच पॉलिश करून मागितला, बंगल्यात काचेच्या कपाटात ठेवायला. मी तो काजळीसकट वर्तमानपत्रात बांधून दिला. काळी झालेली बोटं त्यानं माझ्या भिंतीला पुसली आणि गेला.

पुढच्या आठवड्यात त्या बाई वडिलांना दवाखान्यातून घेऊन अकोटला निघाल्या, वाटेत थांबल्या. म्हातारबा पुढच्या सीटवर पोटाशी उशी धरून बसले होते. त्यांनी मला हात जोडले. मला त्यांच्याकडे नीट पाहवेना.

"पाय बिलकुल दुखून नाही राह्यला आता," बाई म्हणाल्या. मग सहज विचारलं, "हाच पयले काहून नाही लावला?"

त्यांच्या नवऱ्याचं नाव घेणं सोपं होतं, आणि ते खरंही झालं असतं.

"लावायला पाहिजे होता," मी म्हणाले.